उमेदवारीचे गाव : जमशेदपूर

मुंबईहून हावड्याला जाणारी गीतांजली एक्स्प्रेस नागपूर, रायपूर, बिलासपूर अशी ठाणी मागे टाकत राऊरकेला सोडते आणि खिडकीबाहेरचा देखावा पालटतो. भाताची सपाट खाचरे संपून सालवृक्षांचे दाट रान सुरू होते. हे सारंडाचे जंगल. वाटेत मनोहरपूर लागते. पाटीवरचे ते नाव वाचून मराठी प्रवासी हटकून मान वर करतो. मग एक बोगदा, गोइलकेरा, चक्रधरपूर. पुढे रान विरळ होत जाते आणि गम्हारियापासून रुळांच्या कडेला पत्र्याच्या शेडची रांग लागते, ती थेट आदित्यपूरपर्यंत. खरकाई नदीवरचा पूल खडखडत ओलांडला की थोड्याच वेळात टाटानगर.

स्टेशनाचे नाव टाटानगर आणि शहराचे जमशेदपूर, त्यामुळे नवखा माणूस इथे थोडा गोंधळतो. पूर्वी स्टेशन होते कालीमाटी आणि गाव होते साकची. पहिल्या महायुद्धात येथील कारखान्याने सरकारला रूळ पुरवले, त्याची जाण ठेवून व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड २ जानेवारी १९१९ रोजी येथे आले आणि गावाला जमशेटजी टाटांचे नाव देऊन गेले.

प्रवाशाला पाहण्यासारखे जे आहे ते एका दिवसात सहज पाहून होते. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर बांधलेले जुबिली पार्क, १९५८ साली पंडित नेहरूंनी खुले केलेले. दलमा डोंगराच्या पायथ्याचा डिमना तलाव. सुवर्णरेखा आणि खरकाई यांचा संगम, ज्याला येथे दोमुहानी म्हणतात. दलमाच्या अभयारण्यात हत्ती आहेत, नशीब असेल तर दिसतात. रस्ते रुंद आणि सावलीचे. कारखान्याची जागाही ठरली नव्हती तेव्हा, १९०२ साली, जमशेटजींनी परदेशातून मुलाला, दोराबजींना, पत्र लिहून बजावले होते की गाव वसवाल तेव्हा झाडे लावा, मैदानांना भरपूर जागा ठेवा, आणि मंदिर, मशीद, चर्च या सर्वांसाठी जागा राखा. ते पत्र येथे आजही सांगितले जाते.

हे सगळे छान आहे. पण बागा आणि तलाव इतरत्रही आहेत. या गावाने शंभराहून अधिक वर्षे जे पोलादाबरोबर तयार केले, आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही, ते म्हणजे काम जाणणारे हात. ते कसे घडले, त्याचा खर्च कोणी सोसला, आणि आज तो कोण सोसतो आहे, हे पाहायचे तर बिष्टुपूरच्या वर्गखोल्यांपासून खरकाईपलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंत फिरावे लागते.

अप्रेंटिसला आपल्याकडे सरकारी भाषेत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. निवडणुका आल्या की ‘उमेदवार’ या शब्दाला भलताच रंग चढतो. पण जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी बसून, पुढेमागे चाकरी मिळेल या उमेदीवर काम शिकणाऱ्याला उमेदवारच म्हणत. शिकण्याची वर्षे कोणाच्या खिशातून जायची, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे.

जमशेटजींना तो प्रश्न नागपुरात पडला होता. १८७७ साली त्यांनी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीची व्यवस्था त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्यावर सोपवली. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापसाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. शिकणारा माणूस शिकतो, यावर जमशेटजींचा विश्वास असावा. शिकलेल्या तरुणांना गिरणीत उमेदवार म्हणून घ्यायचे, खात्याखात्यांतून फिरवायचे आणि मग जबाबदारी द्यायची, ही रीत त्यांनी तेथेच घातली. पोलादाचे वेडही त्यांना विदर्भानेच लावले. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या खनिजावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या उपयोगाचा ठरला नाही. तो कोळसा चांगला निघता तर हिंदुस्थानची पोलादनगरी आज चंद्रपूरजवळ असती, आणि या लेखासाठी दूरच्या गाडीची गरज पडली नसती!

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी पत्र पाठवून मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या खनिजाकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी गेले. दोराबजींनी काम पुढे नेले, १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकचीत पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. टाटांनी रूळ बनवले तर त्यांचा रत्तल न् रत्तल आपण खाऊन दाखवू, असे रेल्वेचे सर फ्रेडरिक अपकॉट म्हणाले होते, ही गोष्ट येथे पोरासोरांनाही माहीत असते.

पण ती पहिली लगड काढणारे हात बहुतांशी परके होते. वरिष्ठ जागांवर अमेरिकन, पोलादाच्या भट्टीवर जर्मन, रोलिंग मिलमध्ये इंग्रज. सगळे कराराने आणलेले, बोटीचे भाडे देऊन आणलेले, येथल्या माणसाच्या कितीतरी पट पगारावर. भोवतालच्या संथाळ, हो, भूमिज गावांतले स्त्री-पुरुष खोदाईला, टोपल्या वाहायला आले. त्यांची जमीन गेली होती आणि कारखान्यात त्यांच्या वाट्याला आली ती अंगमेहनत. याच पठारावरच्या आदिवासींना मातीच्या छोट्या भट्टीत लोखंड गाळण्याची कला पिढ्यान् पिढ्या अवगत होती, हे लक्षात घेतले की त्यातली विसंगती अधिकच टोचते. नव्या भट्टीपाशी त्या ज्ञानाला कोणी विचारले नाही.

१९१४ साली युद्ध पेटले आणि भट्टीवरचे जर्मन एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ज्याचे कसब उसने, त्याची भट्टी कोणत्याही दिवशी थंड पडू शकते, हा धडा कंपनीला तेव्हा मिळाला. युद्ध संपले, कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला गेला आणि प्रश्न आणखी तीव्र झाला. १ नोव्हेंबर १९२१ रोजी जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली ती या गरजेतून. देशभरातून निवडलेल्या तरुणांनी वर्गात धातुशास्त्र शिकायचे आणि कारखान्यात परदेशी माणसाच्या शेजारी उभे राहून भट्टी समजून घ्यायची. शिकताना विद्यावेतन मिळे, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. हळूहळू करारावरचे परदेशी लोक परत जाऊ लागले आणि त्यांच्या जागी आपली माणसे आली. १९३८ साली सर जहांगीर घांदी हे कारखान्याचे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. ती संस्था आज शावक नानावटी टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने बिष्टुपुरात उभी आहे.

अशा संस्थेत आणि तिच्यासारख्या देशभरच्या कर्मशाळांत फिटरच्या उमेदवाराची सुरुवात फार साध्या कामाने होते. शेगड्यात लोखंडाचा एक ठोकळा पकडायचा आणि कानशीने घासून तो सपाट करायचा. ऐकायला सोपे, करू लागले की कळते. कानस पुढे नेताना हात नकळत झोका घेतो आणि ठोकळ्याच्या कडा झिजून मधला भाग फुगीर राहतो. मिस्त्री येतो, गुण्या लावतो, ठोकळा उजेडाकडे धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की ठोकळा परत. घासा. दुसरी बाजू पहिलीला काटकोनात हवी, तिसरी दोघींना. मग व्हर्निअर येते, त्याच्यावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप वाचायचे. उभे राहून पोटऱ्या भरतात, तळहाताला फोड येतात आणि मॅट्रिकला बरे गुण मिळवलेला पोरगा रडकुंडीला येतो. आजकाल संगणकावर चालणारी यंत्रे असताना हे कशाला, असे पालकही विचारतात. जुन्या मिस्त्रींचे त्यावर उत्तर ठरलेले असते: ज्याच्या हाताला सपाट म्हणजे काय हे कळले नाही, त्याला यंत्राने केलेली चूक दिसणार नाही. आणि ते खरेच आहे. लाखोंच्या यंत्रात चुकीचे माप घातले तर यंत्र ती चूक इमानेइतबारे हजार वेळा करते.

ठोकळ्यानंतर छिद्रे पाडणे, आटे पाडणे, मग लेथ, मग मिलिंग. त्याबरोबर गॉगल, बूट, हातमोजे यांची शिस्त. पोलादाच्या कारखान्यात निष्काळजीपणाची किंमत फार मोठी असते आणि ती शिकवण पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी लागते.

स्वातंत्र्यानंतर ही उमेदवारी कायद्याच्या चौकटीत आली. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार आला, विद्यावेतन आले, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आले. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही, असे हा कायदा सांगतो; मात्र कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. घरातला मुलगा किंवा मुलगी उमेदवारीला लागणार असेल तर आईवडिलांनी तो करार नीट वाचावा. शिक्षण संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन, करारात तसे लिहिले नसेल तर, कायदा मालकावर घालत नाही.

जमशेदपुरात मात्र कित्येक वर्षे हे कोणी वाचत बसले नाही, कारण गरज नव्हती. ‘ट्रेड अप्रेंटिस’ला लागला म्हणजे टिस्कोत लागला, आणि टिस्कोत लागला म्हणजे क्वार्टर, दवाखाना, मुलांची शाळा, निवृत्तीपर्यंत चिंता नाही. कंपनीने आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आणि भरपगारी रजा १९२० मध्ये दिली, देशात कायदे होण्याच्या कितीतरी आधी. कामगारांच्या मुलांना उमेदवारीत प्राधान्य असे. बाप भट्टीवर, मुलगा वर्कशॉपमध्ये अशी घरे या गावात गल्लोगल्ली सापडतात. लग्नाच्या बाजारात अशा मुलाचा भाव काय असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

उदारीकरण आले आणि हे गणित मोडले. १९९० च्या दशकाच्या मध्याला सुमारे ७८ हजार माणसे असलेल्या कंपनीत पुढच्या दहा-बारा वर्षांत जवळपास निम्मीच उरली. पोलाद मात्र वाढतच गेले. स्वेच्छानिवृत्तीच्या उदार योजना होत्या, कोणी उघड्यावर पडले नाही असे म्हणतात. पण बापाच्या जागी मुलगा ही वाट अरुंद झाली ती झालीच. याच काळात एक वेगळी गोष्टही घडली. कारखान्यात टोपल्या वाहणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या स्त्रियांना येथे ‘रेजा’ म्हणत. त्यांच्यासाठी कंपनीने ‘तेजस्विनी’ ही योजना काढली आणि अवजड वाहने, क्रेन चालवायला शिकवले. ज्या हातांना शंभर वर्षांपूर्वी फक्त टोपली मिळाली होती, त्यांच्या नातीपणतींच्या हाती चाक आले. डिसेंबर २०२४ मध्ये नोआमुंडीच्या लोहखाणीत संपूर्ण पाळी स्त्रियांनी चालवायला सुरुवात केली. उशिरा का होईना.

आता खरकाई ओलांडून पलीकडे जायला हवे. पूल एकच, पण पलीकडचे जग निराळे. आदित्यपूर आणि गम्हारिया येथे हजारावर छोटेमोठे कारखाने आहेत. कोणी ट्रकच्या स्प्रिंगा करतो, कोणी ओतकाम, कोणी पत्र्याचे सुटे भाग. बहुतेकांचे गिऱ्हाईक नदीच्या अलीकडचे, टाटा मोटर्स किंवा टाटा स्टील. शेडमध्ये आठ, पंधरा, चाळीस माणसे. येथे कोणाची टेक्निकल इन्स्टिट्यूट असणार? नवा मुलगा आला की त्याला जुन्या कारागिराशेजारी उभा करतात, आणि जुना कारागीर वेळ मिळेल तेव्हा, मर्जी असेल तेव्हा शिकवतो. दीड-दोन वर्षांनी मुलगा तयार होतो आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून पलीकडच्या शेडमध्ये जातो. मालक कपाळावर हात मारून घेतो आणि पुढच्या वेळी शिकवण्याच्या भानगडीत पडत नाही. प्रत्येकाला तयार माणूस हवा, आणि तयार करायला कोणी तयार नाही! मालकांचा दोष आहेच. पण एकट्या छोट्या मालकाला तो खर्च झेपत नाही, हेही तितकेच खरे.

यावर उपाय म्हणून गम्हारियात टाटा-कांड्रा रस्त्यावर इंडो-डॅनिश टूल रूम उभे राहिले. केंद्र सरकारची ही संस्था डेन्मार्कच्या मदतीने सुरू झाली. अशीच टूल रूम देशात इतरत्रही आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम त्यांतलेच. यांचे काम दुहेरी असते. साचे, डाय, जिग अशी जी अचूक हत्यारे छोट्या कारखान्याला स्वतः बनवणे परवडत नाही ती बनवून द्यायची, आणि ती बनवता बनवता मुलांना शिकवायचे. चार वर्षांच्या पदविकेला येणारा मुलगा खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या साच्यावर हात बसवतो. साचा बिघडला तर तो परत येतो, म्हणजे परीक्षा रोजच असते. छोट्या कारखान्यांना आपल्या जुन्या कामगारांना नव्या यंत्रांच्या अल्प मुदतीच्या वर्गांना पाठवता येते. एकाला न पेलणारे ओझे अनेकांत वाटून घेण्याची ही तऱ्हा, शेतकऱ्याने इरजिक घालावे तशी.

कायद्यानेही आता छोट्यांकडे पाहिले आहे. ज्यांच्याकडे तीस किंवा अधिक माणसे आहेत त्यांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान, अगदी चार माणसांच्या कारखान्यालाही इच्छा असेल तर घेता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलते. रक्कम मोठी नाही. पण दहा माणसांच्या शेडचा मालक कागद भरायला बसतो तो अशाच आधारामुळे. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून तो कागद समजावून द्यावा लागतो, हे मात्र दिल्लीत बसून कळत नाही.

आणि तरीही टांगती तलवार आहेच. २०१९ च्या मंदीत मालमोटारींचा खप घसरला, जमशेदपूरच्या कारखान्यात उत्पादन काही काही दिवस बंद ठेवावे लागले, आणि आदित्यपुरातली यंत्रे त्याच तालावर थांबली. अशा वेळी पहिला बाहेर पडतो तो कराराचा कामगार, आणि अर्धवट शिकलेल्या उमेदवाराच्या हाती ना धड प्रमाणपत्र ना धड कसब. नदीच्या अलीकडे मोठ्या संस्थेचा उमेदवार मंदीतही वर्गात बसून असतो. पलीकडच्याला ती सोय नाही. टूल रूमसारख्या संस्थेची गरज तेजीपेक्षा अशा दिवसांत अधिक भासते. काम नसलेला आठवडा शिकण्यात घालवता आला तर तो वाया जात नाही. टेल्कोने पुण्यात पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी मालमोटारी बाहेर पडण्याच्या आधी प्रशिक्षण विभाग उभारला होता. पिंपरी-चिंचवडच्या अनेक छोट्या कारखान्यांच्या मालकांनी उमेदवारीची कानस तेथेच धरली. आदित्यपूरलाही तसे मालक हवे आहेत.

जमशेदपूरला जायचे तर नोव्हेंबर ते मार्चचे दिवस बरे. उन्हाळा कडक असतो. हावड्याहून साधारण अडीचशे किलोमीटर, रांचीहून सडकेने सुमारे एकशे तीस. ३ मार्च हा जमशेटजींचा जन्मदिवस, त्या वेळी जुबिली पार्कवर रोषणाई असते आणि गर्दीही. कारखाना पाहायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते, दारात उभे राहून आत सोडत नाहीत. एक दिवस हाती उरला तर आदित्यपुरावरून पुढे सराईकेलाला जावे. छाऊ नृत्याचे हे गाव. चैत्रात, एप्रिलच्या सुमारास, येथे उत्सव असतो. तेथे मुखवटे घडवणारे कारागीर आजही मुलांना शेजारी बसवून, माती मळण्यापासून सुरुवात करून काम शिकवतात.